मखमली खुर्ची आणि पुऱ्यांचा डबा

पुस्तकातल्या आगगाडीत कुणी कधी भांडी घासत नाही. ही तक्रार माझी नव्हे, माझ्या थोरल्या बहिणीची, जीजीची. जालन्याच्या वाचनालयातून आणलेली एक कादंबरी मी तिला दुपारी वाचून दाखवायचे आणि ती बाजरी निवडता निवडता ऐकायची. कुठल्याशा परदेशी भाषेतून मराठीत आणलेली कादंबरी होती. पुठ्ठा निघालेला, शेवटची पानं कुणा नतद्रष्टानं फाडून नेलेली. तिच्यात एक आलिशान आगगाडी डोंगरा-बोगद्यांतून धावत राहायची. मखमलीच्या खुर्च्या, छताला झुंबर, भिंतीभर आरसे, आंघोळीला गाडीतच गरम पाणी. एक उमराव बाई पानंच्या पानं खिडकीशी बसून उसासे टाकायची. मी तिचे उसासे अगदी आवाज काढून वाचायचे. आणि जीजी सूप थांबवून विचारायची, "एवढं पाणी कुठं भरतात गं ते?"

तिचा दुसरा आक्षेप जेवणाबद्दल होता. आम्ही जालन्यातले मारवाडी जैन. राजस्थानातून आमची माणसं इथं कधी आली ते घरात कुणालाच नक्की सांगता यायचं नाही. घरात मारवाडी, दुकानात दख्खनी, बाकी सगळीकडे मराठी, असा आमचा कारभार. या गोष्टीत मी सगळ्यांना मराठीतच बोलायला लावते, नाहीतर माझीच तारांबळ उडायची. तर आमच्यात दिवस बुडाला की तोंड बंद. घास नाही, पाण्याचा थेंबही नाही. कादंबरीतली माणसं मात्र रात्री झुंबराखाली बसून जेवायची. जीजीला त्यांची कीव यायची. "बिचारे. दिवसभर कुणी वाढलं न्हाई वाटतं," म्हणायची. आणि मग जरा वेळानं, सुपाकडेच बघत, "मखमलीवर बसलं की कसं वाटत असंल गं?" मी म्हणायचे, मला काय विचारते, मी काय नवाबाची लेक आहे?

जीजी माझ्याहून पाच-सहा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मला नीट वेणीही घालता येत नव्हती. तेव्हापासून वेणी, आजारपण, शाळेचा डबा, रागावणं, समजूत काढणं, सगळं जीजीनंच केलं. घरात आमचे बाबूजी होते, आणि बाबूजींची विधवा बहीण, आमची भुआ. भुआ म्हणजे आत्या. ती सोवळ्या-ओवळ्यात आणि देवदर्शनात असायची, आणि उरलेल्या वेळात जीजीच्या डाव्या हाताकडे बघत असायची.

कारण जीजी डावखुरी होती. लिहायला, शिवायला, लाटायला, वाढायला, पहिला हात डावाच पुढं यायचा. भुआनं लहानपणी तो हात बांधूनसुद्धा ठेवला म्हणे. काही उपयोग झाला नाही. दोन घरची माणसं जीजीला बघून गेली होती. दोन्ही वेळा सगळं छान जमत आलं, आणि दोन्ही वेळा जीजीनं घाईत डाव्या हातानं वाढलं. डाव्या हातानं वाढणारी सून कुणाला पाहिजे? बाहेर कुणी काही बोललं नाही, नुसता निरोप आला की मुलगी उंच वाटते. जीजी एकोणीस वर्षांची झाली होती. त्या काळी एकोणीस म्हणजे गल्लीतल्या बायका दारातून आत डोकावून सुस्कारा टाकणार, असं वय. ती हसून सोडून द्यायची, पण एकदा मी तिला न्हाणीघरात एकटीच उजव्या हातानं रिकाम्या ताटात पळी ओतण्याचा सराव करताना पाहिलं. मला इतका राग आला होता त्या दोन घरांचा, अजूनही येतो.

आता आमच्यातली एक रीत सांगायला हवी. आपलं कुणी माणूस आगगाडीनं गावावरून जाणार असेल, तर गाडीवर डबा घेऊन जायचं. मग ते माणूस जवळचं असो की लांबचं, गाडी दोन मिनिटं थांबणारी असो की अर्धा तास. घरचं गरम जेवण, गाळलेलं पाणी, आणि खिडकीतून दोन शब्द. पाहुण्यांनी डबे तिथंच रिकामे करून तिथंच परत करायचे, कारण उद्या दुसरं कुणीतरी जाणार असतंच. जालना स्टेशनवर संध्याकाळी कापसाच्या गाठींच्या आडोशाला डबे घेऊन उभ्या असलेल्या आमच्या बायका नेहमीच दिसायच्या. हमाल आम्हाला विचारायचे, आज कोण चाललंय?

हैदराबादचं संस्थान जाऊन चार-पाच वर्षं झाली असतील तेव्हाची गोष्ट. हैदराबादेतल्या एका मोठ्या घरातून जीजीसाठी विचारणा झाली. मुलगा शिकलेला, घर धर्मात कडक. ती मंडळी नाशिककडच्या तीर्थाला निघाली होती. निरोप घेऊन आलेल्या नातेवाइकांनी सांगितलं, की सेठाणी, म्हणजे मुलाची आई, गाडी जालन्यात थांबेल तेवढ्यात मुलगी बघून घेईल. आणि मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "ते साध्या गाडीनं न्हाई येऊन राह्यले. सलूननं येऊन राह्यले."

सलून! लहानपणी असलं सलून आम्ही लांबून पाहिलं होतं. कुणा नवाबाचा खासगी डबा, पडदे ओढलेला, नेहमीच्या गाडीला मागं जोडलेला. बघत उभं राहिलं की शिपाई हाकलायचे. नवाबी गेली, तसली सलूनं मग पैसे मोजील त्याला भाड्यानं मिळायला लागली. आमच्या पाहुण्यांनी त्यातलंच एक मनमाडपर्यंत घेतलं होतं. पुढं रुळांची रुंदी बदलते, त्यामुळं सलूनची सगळी मिजास मनमाडला संपायची. पण आमच्यापुरती ती भरपूर होती.

बाबूजी मात्र पार गळून गेले. नातेवाइकांनी जाता जाता सांगितलं होतं, जेवणाची तसदी घेऊ नका, सलूनमध्ये स्वयंपाकघर आहे, सोबत स्वयंपाकाला महाराज आहे. बाबूजी म्हणाले, "चाकावर रसोई घेऊन फिरणाऱ्यांना आपण काय खाऊ घालायचं? हार नेऊ, फळं नेऊ, बस." भुआला हे पटलं. डबा नाही म्हणजे वाढणं नाही, आणि वाढणं नाही म्हणजे डावा हात दिसणार नाही, असा तिचा हिशेब.

जीजी एवढंच म्हणाली, "गाडीवर आपण कधी रिकाम्या हातानं गेलोत का?" आणि कणीक मळायला घेतली. पुऱ्या, गट्ट्याची भाजी, मुगाच्या डाळीचा शिरा, पापडाची भाजी. पुऱ्या भरल्या त्या आईच्या माहेरच्या मोठ्या पितळी डब्यात. त्याच्या झाकणावर मोर होता आणि त्याची चोच झिजून गेली होती. भुआ चुलीशी उभी राहून सांगत होती, उजवा हात, ध्यानात ठेव, उजवा हात. जीजी बरोबर मान हलवत होती आणि डाव्या हातानं पुऱ्या तळत होती.

थंडीचे दिवस. गाडी दुपार कलताना यायची, तिचा पत्ता नाही. आम्ही टांग्यानं स्टेशनवर जाऊन बसलो. उन्हं गाठींवरून उतरून फलाटावर आली, फलाटावरून रुळांवर गेली. शेवटी परतूरच्या बाजूला धूर दिसला, आणि तिथंच थांबला. चौकशी केली तर कळलं, पुढं मालगाडी अडकली आहे, ती हलल्याशिवाय सिग्नल पडणार नाही. केव्हा पडेल? सांगता येत नाही.

सूर्य आता कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या धुराड्याच्या खाली आला होता. बाबूजी घड्याळ काढत होते, ठेवत होते. भुआ म्हणाली, "बरंच झालं. दिवस बुडंल, जेवणाचा प्रश्नच न्हाई. हार घालू आणि घरी जाऊ."

जीजी उठली. साडीचा पदर कमरेला खोचला, पुऱ्यांचा डबा उचलला आणि मला म्हणाली, "तू पाणी अन् शिरा घे. चल."

"कुठं?" भुआनं विचारलं.

"गाडीवर."

"अगं, बघायची पोरगी रुळावरून चालत जाते का कुठं? लोक काय म्हणतील?"

जीजी म्हणाली, "भुआ, दिवस बुडल्यावर हा डबा कोण उघडणार हाय? पहाटेपास्नं केलंय मी. त्यांच्या गाडीत रसोई असंल न्हाईतर नसंल, मला तर खाऊ घालायचंय." आणि ती फलाटाच्या टोकाकडे चालायला लागली. बाबूजींनी घड्याळ खिशात ठेवलं आणि भाजीचे डबे उचलले. हार घेऊन भुआ फलाटावरच थांबली, कारण खडीवरून चालणं तिच्या पायांच्या बाहेरचं होतं. आणि रागही आलाच होता तिला.

खडीवरून चालणं माझ्याही पायांच्या बाहेरचं होतं. चपला निसटत होत्या, पाण्याची चरवी हिंदकळत होती. मी पुटपुटत होते, कादंबरीतली बाई किती बरी, नुसती खिडकीशी बसते. जीजीनं मागं वळूनही बघितलं नाही. आमच्या पाठीशी ऊन होतं आणि आमच्या सावल्या आमच्या आधीच गाडीपाशी पोचल्या होत्या.

सलून सगळ्यात शेवटी होतं. जवळून बघितलं तर केवढं उंच. फलाट नाही म्हणजे खालची पायरी छातीपर्यंत. पितळेच्या दांड्या चकचकत होत्या, बाहेरचा रंग मात्र जागोजाग उडाला होता. जीजीनं हाक मारली. दार उघडून एक तरुण वाकून बघायला लागला. धोतर, कोट, चेहरा सुकलेला. हाच तो मुलगा, हे मला लगेच कळलं. जीजीनं डबा वर केला, डाव्याच हातानं, कारण उजव्यानं तिनं दांडी धरली होती. त्यानं तो घेतला आणि पहिलं वाक्य बोलला ते असं, "पुऱ्या हाईत का?"

आयुष्यात मी बघण्याचे पुष्कळ कार्यक्रम पाहिले, पण मुलानं मुलीला पहिला प्रश्न हा विचारलेला दुसरा पाहिला नाही.

आत चढलो आणि मी बघतच राहिले. झुंबर होतं. आरसे होते. कोरीव लाकडाच्या भिंती होत्या, आणि एका दारातून आंघोळीचा टबसुद्धा दिसला, त्यात पाहुण्यांनी गाद्या-उशा रचून ठेवल्या होत्या. आणि एवढ्या सगळ्या थाटात ती मंडळी कुठं बसली होती? खाली. जमिनीवर, घरून आणलेल्या सतरंजीवर, भिंतीला टेकून, मलूल.

सगळा उलगडा सेठाणीनं एका दमात केला. हैदराबादेत सलूनमध्ये चढल्यावर त्यांनी बघितलं, की कोचांना चामडं लावलेलं. चामड्यावर कोण बसणार? कोचांवर चादरी टाकल्या आणि सगळे खाली बसले. मग महाराज स्वयंपाकघरात गेला आणि तसाच उलटा बाहेर आला. नवाबाची रसोई ती. वर्षानुवर्षं तिथं जे शिजलं होतं, त्याचा वास कपाटांतून गेला नव्हता. सेठाणीनं दाराला कडी घालायला लावली. त्या चुलीवर पाणीसुद्धा तापवायचं नाही. सोबतचे खाखरे परभणीच्या आधीच संपले. "एवढं राजाचं सलून," ती म्हणाली, "अन् सकाळपास्नं उपाशी मरून राह्यलो आम्ही. आता दिवस बुडाला की उद्या सकाळपर्यंत काही न्हाई."

जीजीनं खिडकीतून सूर्याकडे बघितलं आणि पंगत बसवली. पत्रावळी आम्ही आणल्याच होत्या. ती वाढायला लागली. पहिली पुरी उजव्या हातानं. दुसरी उजव्या हातानं, जपून, भुआ समोर असल्यासारखी. आणि एवढ्यात पलीकडून कुणी भाजी मागितली, कुणी पाणी मागितलं, खिडकीतला उजेड तांबडा झाला, आणि जीजीचे दोन्ही हात सुटले. डाव्या हातानं पुरी, उजव्या हातानं भाजी, पुन्हा डाव्या हातानं शिरा. मी मनात म्हटलं, गेलं, आता हेही गेलं. बाबूजी दारापाशी डोळे मिटून उभे होते. मध्येच जीजीच्या लक्षात आलं. सेठाणीच्या पानावर धरलेला तिचा डावा हात पुरीसकट हवेतच थांबला.

सेठाणीनं हाताकडे बघितलं. मग खिडकीकडे. "थांबली काय गं?" ती म्हणाली. "वाढ. जल्दी वाढ. दोन हात दिलेत देवानं तर दोन्हींनी वाढ."

जीजीनं वाढलं. त्या दिवशी तिनं जसं वाढलं तसं वाढताना मी पुन्हा कुणाला पाहिलं नाही. मुलानं एकट्यानं किती पुऱ्या खाल्ल्या ते मी मोजलं नाही, पण त्याच्या पानावर डबा तीनदा थांबला. सगळ्यांनी पाणी पिऊन हात जोडले, तेव्हा धुराड्यामागं सूर्याची नुसती कड उरली होती.

आणि गाडीला धक्का बसला. सिग्नल पडला होता. उतरायला वेळच नव्हता. सेठाणी म्हणाली, आता टेसनावरच उतरा. मग तिनं कोपऱ्यातल्या एका खुर्चीवरची चादर ओढली. खाली गडद लाल मखमल निघाली. "ही एकच तेवढी कापडाची हाय, मी खालून-वरून हात लावून बघितलंय. मला गुडघ्यामुळं बसवत न्हाई तिच्यात. तू बस, दिवसभर उभी असशील."

जीजीनं माझ्याकडे बघितलं. मग ती बसली, अगदी कडेला, नंतर हळूच मागं सरकली. दोन्ही तळवे तिनं मखमलीवर ठेवले. एका हाताला शिऱ्याचं तूप होतं, तो तिनं घाईनं उचलून पदराला पुसला आणि परत ठेवला. सिग्नलपासून स्टेशनपर्यंतचा तो एवढासा रस्ता. शेतं, पेरूची बाग, जिनिंगचं कुंपण, सगळं आमचंच, रोजचं. मला मात्र डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि का ते तेव्हा कळलं नाही. मी तिच्या कानाशी वाकून विचारलं, "कसं वाटतं?" ती म्हणाली, "टोचतं थोडं."

फलाटावर भुआ हार घेऊन उभी होती. नवाबाच्या सलूनच्या खिडकीत मखमलीच्या खुर्चीवर तिला आपली भाची दिसली. हमाल, टांगेवाले, कापसाचे दलाल, सगळे बघत होते. भुआला हार कुणाला घालावा ते सुचेना. गाडीला आधीच उशीर झालेला, गार्डची घाई चाललेली. आम्ही उतरलो, हार दिला गेला, नमस्कार झाले. आणि मुलीबद्दल? एक शब्द नाही. हो नाही, ना नाही.

भुआनं सवयीनं डबे तपासले. भाजीचे आले, शिऱ्याचा आला, चरवी आली. पुऱ्यांचा डबा नव्हता. "तुझ्या आईचा डबा ठेवून घेतला गं त्यांनी," ती जीजीला म्हणाली. "कुणाचा डबा कुणी ठेवून घेतं का? धुऊन परत देतात." बाबूजी सुस्कारा टाकून म्हणाले, "जाऊ दे. बघितला असंल हात त्यांनी." जीजीनं उजवा हात डाव्या हातावर ठेवला आणि झाकून टाकला.

गाडी हलली. तेवढ्यात खिडकीचा पडदा सरला आणि सेठाणी बाहेर वाकली. तिच्या मांडीवर मोराच्या झाकणाचा डबा होता. ती बाबूजींना म्हणाली, "सेठजी, डबा आमच्याजवळ राहू द्या. पोरीला न्यायला येऊ ना, तवा घेऊन येऊ."

भुआ तिथंच फलाटावर मटकन बसली आणि रडायला लागली. बाबूजींनी तर टांगेवाल्यालाच मिठी मारली.

वैशाखात वरात आली, तिसऱ्या वर्गानं. सलून नको, असं म्हणे मुलानंच सांगितलं होतं, वाटेत जेवायला मिळत नाही म्हणून. डबा खडीसाखरेनं भरून आला, आणि लग्नानंतर जीजीबरोबरच परत हैदराबादला गेला. मी सगळ्यांसमोर शहाण्यासारखी वागले. गाडी सुटल्यावर मात्र गाठींच्या आडोशाला जाऊन इतकी रडले की हमालानं पाणी आणून दिलं. घरी आले तर माझी वेणी घालायला कुणी नव्हतं. वेणी मला कधीचीच घालता येत होती, तो प्रश्न नव्हता.

मग जीजी कधी तीर्थाला, कधी कुणाच्या लग्नाला जालन्यावरून जायची आणि मी गाडीवर जायचे. खिडकीतून आम्ही दोन मिनिटांत सगळं बोलून घ्यायचो. दर वेळी मी भांडायचे, आईचा डबा कुठंय, तो दे. दर वेळी ती म्हणायची, "न्यायला ये."

एका दिवाळीनंतर मी हैदराबादला गेले. महिनाभर राहिले. जीजी तिथं दोन्ही हातांनी वाढायची आणि सेठाणी ते सगळ्या पाहुण्यांना कौतुकानं दाखवायची. मी निघाले त्या सकाळी जीजीनं पुऱ्या तळल्या आणि मोराच्या डब्यात भरल्या. स्टेशनवर मी तिसऱ्या वर्गाच्या बाकावर, ती खाली फलाटावर. डबा तिनं खिडकीतून माझ्या मांडीवर ठेवला. मी झाकणावरून हात फिरवला आणि म्हणाले, "चला, आला एकदाचा घरी."

शिट्टी झाली. तशी जीजीनं एक फडकं माझ्या मांडीवर पसरलं, डबा उचलून सगळ्या पुऱ्या त्यात ओतल्या, आणि रिकामा डबा पोटाशी धरून मागं सरली.

"हा राहू दे," ती म्हणाली. "पुन्हा ये."

गाडी बरीच पुढं गेली तरी ती तशीच उभी होती. त्या पुऱ्या मी एकटीनं परभणीपर्यंत खाल्ल्या, दिवस बुडायच्या आत.